बाईंच्या चाली आणि एक राहिलेली

मी ऑर्केस्ट्रात आहे असं शिरूरमध्ये कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो. आमच्या भागात ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेतला, रंगीत दिव्यांचा, सिनेमाच्या गाण्यांचा. मग मला खुलासा करावा लागतो. तसा नव्हे हो, दौंडचा, चर्चच्या लोकांचा. व्हायोलिनं, दोन क्लॅरिनेट, एक चेलो, पेटी आणि तबला. खुर्च्यांवर बसून, समोर कागद ठेवून वाजवतात तो.

हा वाद्यवृंद सरांनी उभा केला. सर रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. ड्युटी संपली की हात रॉकेलनं धुऊन, मग साबणानं धुऊन व्हायोलिन हातात घ्यायचे. माझे वडील गार्ड होते, आमची क्वार्टर सरांच्या मागच्याच ओळीत. मी शाळेत असताना सरांनी मला शिकवायला घेतलं. तेव्हा शेजारचे एक गृहस्थ वडिलांना म्हणाले होते, "पोरीच्या हनुवटीखाली ते लाकूड बरं दिसत नाही." त्यावर सर म्हणाले, "दिसायला न्हाई शिकवत, ऐकायला शिकवतोय." पुढे लग्न होऊन मी शिरूरला आले, शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. पण शनिवारची तालीम सोडली नाही. न्हावऱ्यावरून एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या सासूबाई व्हरांड्यात मेथी निवडत बसल्या होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या. उपासनेत आम्ही नेहमी म्हणतो तेच गीत, पण त्यांच्या गळ्यात ते जरा वेगळं लागत होतं, मधल्या ओळीला एक हलकी वेलांटी घेऊन. मी विचारलं, "आई, ही चाल कुणी लावली असेल हो?"

"आमच्या बोर्डिंगच्या बाईंनी."

मी आत जाऊन गायनाचं पुस्तक आणलं. गीताच्या डोक्यावर कवीचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, 'चाल : जुनी'. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

"जुनी कशानं?" सासूबाई चिडल्या. "माझ्यासमोर लावलीय. आम्ही मुली गहू निवडत होतो. बाई पेटी घेऊन बसल्या, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा लागली. मग आम्हाला म्हणाल्या, म्हणा. आम्ही म्हटली."

बाई म्हणजे शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडातल्या मुलींच्या बोर्डिंगमधल्या शिक्षिका. लग्न केलं नाही, सारं आयुष्य मुली वाढवल्या आणि चाली लावल्या. त्यांची कबर आमच्याच स्मशानभूमीत आहे. दर ईस्टरला मी तिच्याजवळून चालत गेले असेन. सासूबाईंना त्यांच्या तीन चाली पक्क्या आठवत होत्या. एक जात्यावरच्या ओवीतून काढलेली, एक पाळण्याची, आणि एक शाळा संपवून मुली घरी निघायच्या तेव्हा म्हणायची. तिन्ही आम्ही उपासनेत वर्षानुवर्षं म्हणत होतो. आणि बाईंचं नाव एकदाही कुणी घेतलं नव्हतं.

माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. आमच्या वाद्यवृंदानं आजवर काय वाजवलं याचा मी विचार करायला लागले. परदेशातले मोठे संगीतकार, सगळे पुरुष. आपल्याकडची भजनं, चाल लावणारे सगळे पुरुष. बायका होत्या, पण गायला. मी इंटरनेटवर शोधलं, तर परदेशातही तेच. तीनशे-चारशे वर्षांपासून बायका संगीत रचत आल्या होत्या आणि ते कपाटांत पडून होतं. मला राग यायला लागला. त्या रागात एक प्रकारची मजाही होती, हे आज कळतं.

तालमीत मी विषय काढला, तेव्हा आमचे सेक्रेटरी, म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारे काका, हसले. "अगं, बायका म्हणायच्या गाणी. चाल लावणं म्हणजे निराळं काम."

"लावली आहे काका. माझ्या सासूबाई साक्षीला आहेत."

"म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं आणि काय वाटतं, त्यात फरक असतो."

मी उसळून काही बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "भांडताय कशाला? आणा की. वाजवून बघू." त्यांनी माझ्याकडून ती वेलांटी ऐकून घेतली, पेन्सिलनं कागदावर उतरवली आणि आठवड्याभरात सगळ्या वाद्यांचे पार्ट लिहून आणले. आम्ही वाजवलं. संपल्यावर तबलजी म्हणाला, "परत एकदा घ्या." काका क्लॅरिनेटची नळी पुसत म्हणाले, "चांगली आहे हां."

तिथून मी थांबले नाही. मला नाताळाआधीच्या मोठ्या कार्यक्रमात तिन्ही चाली हव्या होत्या. एकामागे एक, बाईंचं नाव घेऊन, त्या कोण होत्या हे सांगून. त्यासाठी मी फोन केले, लोकांच्या घरी गेले, चर्चच्या पाळकसाहेबांना भेटले. तेही राजी झाले.

अडचण वेळेची होती. कार्यक्रम रेल्वेच्या हॉलमध्ये असतो आणि हॉल ठरलेल्या वेळी रिकामा करून द्यावा लागतो. बैठकीला आम्ही बसलो तेव्हा सर नव्हते, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काकांनी कार्यक्रम वाचून दाखवला. मुलांची गाणी, नाताळची गीतं, आणि शेवटी सरांची रचना. ती आम्ही उन्हाळ्यापासून बसवत होतो. बरीच लांब होती, शांत, मधे एक जागा अशी यायची की वाजवताना हात आपोआप हलका व्हायचा. तिला नाव काय द्यायचं असं विचारलं, की सर म्हणायचे, "नाव स्टेजवर सांगतो."

"तिन्ही चाली घ्यायच्या तर काहीतरी काढावं लागेल," काका म्हणाले. "काय काढू ते तूच सांग."

मी फार विचार केला नाही. "सरांचं काढा. सर आपलेच आहेत, त्यांचं कधीही वाजवता येईल. बाईंना आजवर कुणी वाजवलं नाही. आणि काका, पुरुषांचंच तर वाजवत आलोय आपण इतकी वर्षं."

कुणी विरोध केला नाही. एक-दोघांनी माना डोलावल्या. परतीच्या एसटीत मला त्या शेवटच्या वाक्याचा अभिमान वाटत होता. मी ते मनात दोनदा म्हणूनही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगायला गेले. डोळ्यावर हिरवं कापड बांधून ते पलंगावर बसले होते. मी सगळं नीट सांगितलं. वेळ कमी आहे, बाईंचं पहिल्यांदाच होतंय, तुमचं ईस्टरला घेऊ. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं म्हणाले, "बाईंचं व्हायलाच पाहिजे."

मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली. "पक्कं ठरलं का?"

"हो सर, पक्कं," मी म्हटलं. मला वाटलं, बाईंचं नक्की होणार ना, याची ते खात्री करून घेतायत.

कार्यक्रम उत्तम झाला. सर काळा चष्मा लावून, पुढे न बसता मागे साथीच्या व्हायोलिनांच्या रांगेत बसले होते, कारण त्यांना कागद नीट दिसत नव्हता आणि ते तोंडपाठ वाजवत होते. बाईंबद्दल मी बोलले. सासूबाईंना व्हीलचेअरवरून आणलं होतं. पाळण्याची चाल सुरू झाली तशी त्यांनी पदर तोंडाला लावला. हॉल उभा राहिला. लोकांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं. पुण्याहून आलेले एकजण मला येऊन म्हणाले, आमच्याकडे या, हेच वाजवा.

लोक पांगले तरी पहिल्या रांगेत एक म्हातारी बसून होती. अंगानं बारीक, कोऱ्या आमसुली लुगड्यात. घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. माझ्या हातात व्हायोलिन बघून तिनं मला जवळ बोलावलं.

"सलाम पोरी," ती आमच्या ख्रिस्ती रीतीनं म्हणाली. "संपलं व्हय?"

"सलाम आत्या. हो, संपलं. आवडलं का?"

"गोड वाजिवलं. आन् येक राहिलं न्हवं?"

"नाही आत्या. सगळं झालं."

"व्हय का," ती म्हणाली.

तेवढ्यात सर आले, तिच्या दंडाला धरून तिला उठवलं. मला म्हणाले, "माझी थोरली बहीण. राहू गावची." मी वाकून नमस्कार केला. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण ती बघत होती स्टेजकडे, जिथे मुलं खुर्च्या गोळा करत होती. "चल आक्का," सर म्हणाले. "गाडी थांबलीय."

नव्या वर्षात पुण्याच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. सर दोन तालमींना आले नाहीत. तब्येत बरी नसेल म्हणून मी त्यांच्या घरी गेले. ते बाहेर गेले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा टाकत होत्या. मी पुण्याबद्दल उत्साहानं सांगत होते. त्या मधेच म्हणाल्या, "अगं, तुला राग यायचा नसेल तर एक विचारू? त्यांचं तेवढं काढायलाच हवं होतं का?"

"काकू, सरांना मी सांगितलं होतं. त्यांनीच होकार दिला."

"त्यांचं असतं तर मी बोलले नसते."

मला कळेना. त्यांनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला खरंच ठाऊक नाही? ते आक्कांचं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सर आणि त्यांची बहीण कासुर्डीला वाढले. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक. ही बहीण शेळ्या राखताना, पाणी आणताना स्वतःच्या चाली लावायची. वचनं घ्यायची शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, चाल स्वतःची. लग्न होऊन राहूला गेली, शेतात राबली, आणि घरच्यांना आवडत नाही म्हणून मोठ्यानं गाणं सोडलं. सर सुट्टीत राहूला जायचे तेव्हा उसाच्या बांधावर बसून ती धाकट्या भावाला हळू आवाजात म्हणून दाखवायची. त्याच चालींवर सरांनी निवृत्तीनंतर ती रचना उभी केली. कार्यक्रमात वाजवून झाली की बहिणीला उभं करायचं आणि सगळ्यांना सांगायचं, हे हिचं आहे, असं त्यांनी योजलं होतं. तोवर कुणाला सांगायचं नाही. लुगडं त्यासाठीच घेतलं होतं. आणि ते काढल्याचं बहिणीला सांगायला त्यांची जीभ रेटली नव्हती.

 बाईच्या संगीतासाठी मी जागा मागितली आणि ती एका बाईच्याच संगीताची घेतली. तीसुद्धा जिवंत बाईच्या, समोर बसलेल्या. आणि तिला मी तोंडावर सांगितलं की सगळं झालं.

सर दारात उभे होते. ते कधी आले कळलंच नाही. काकूंवर ते रागावले, "सांगायचं काय नडलं होतं?" मग माझ्याशेजारी बसले.

मी म्हटलं, "सर, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझी बहीण हाय म्हणून घ्या, असं? तू बाईंसाठी भांडत व्हतीस. ते खरं व्हतं. त्यात मी घरचं कशाला घुसडू?"

"पण मला कळलं असतं तर..."

"तवा तू मला इचारलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "बैठकीत तू काय म्हणलीस ते काकांनी सांगितलं मला. पुरुषांचंच वाजवत आलोय म्हणून. पहिल्यांदा हसू आलं. मग न्हाई आलं."

 उन्हाळ्यापासून मी ती चाल वाजवत होते. शिरूरला सासूबाईंची एक वेलांटी ऐकून जिला 'ही चाल कुणाची' असं विचारावंसं वाटलं, तिला दौंडला तसं विचारावंसं वाटलं नव्हतं. सरांचं नाव कागदावर दिसलं आणि मी पुढे गेले. पुस्तक छापणाऱ्यांनी 'जुनी' लिहून तेच केलं होतं.

दोन दिवसांनी मी राहूला गेले. कुणाला न सांगता, व्हायोलिन बरोबर घेऊन. गुऱ्हाळांचा धूर रस्त्यावर उतरला होता. आत्या अंगणात उन्हाला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"तू ती हालमधली न्हवं?"

मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. कुणी काढलं, कुणी आग्रह धरला, हेही. मी माफी मागितली.

"माफी कशाची? तुला कुठं ठावं व्हतं."

"मी विचारलं नाही आत्या."

"इचारणार तरी कोन? इतक्या वरसात कुनी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि हातातले दाणे माझ्यापुढे केले. "खा."

मी म्हटलं, ईस्टरला आम्ही तुमचंच वाजवणार आहोत, आणि तुमचं नाव घेऊन. मी स्वतः गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येईन. त्यांनी मान हलवली.

"न्हाई बाई. येकदा आले व्हते की."

"या वेळी नक्की वाजेल आत्या. मी शब्द देते."

"तुझ्यावर इस्वास हाय गं. पन आता न्हाई येत." त्यांनी शेजारच्या घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तवा म्या समद्यांना सांगून आले व्हते. माझं वाजणार हाय दौंडात म्हनून. परत आले तर आळीतल्या बाया गोळा. वाजलं का गं म्हातारे? काय सांगू? म्हनलं, व्हय, वाजलं. लई टाळ्या पडल्या."

मला एकदम सुचलं ते बोलून गेले. "मग आम्हीच सगळे इथे येतो. तुमच्या अंगणात वाजवू. आळीसमोर."

त्यांनी घाईनं माझा हात धरला. "नगं, नगं. त्यांना कळंल की. म्हनतील, तवा वाजलंच न्हवतं, म्हातारी खोटं बोलली."

उभ्या आयुष्यात कुणाशी खोटं बोलल्या नसतील अशा त्या बाईला या वयात माझ्यामुळे खोटं बोलावं लागलं होतं. आणि आता ते खोटं त्यांना सांभाळायचं होतं. बाकी सगळं कधीतरी भरून काढता येईल असं मला वाटत होतं. याच्यावर उपाय सापडेना.

जाण्याआधी त्यांनी विचारलं, "त्यात काय हाय ते वाजीव की." मी व्हायोलिन काढलं. त्यांचीच चाल वाजवली, अगदी हलक्या हातानं, आळीत ऐकू जाऊ नये म्हणून. त्या शेंगा फोडत राहिल्या. मधल्या त्या जागेवर फक्त हात थांबला. "हे इसरले व्हते म्या," त्या म्हणाल्या. "त्यानं ध्येनात ठिवलं."

ईस्टरला आम्ही ती रचना वाजवली. तिच्या तयारीसाठी पुण्याचा कार्यक्रम मी पुढे ढकलायला लावला होता. काकांनी बरीच कुरकुर केली, पण ऐकलं. सरांनी स्टेजवर बहिणीचं नाव घेतलं, ती कासुर्डीची, राहूला दिली, एवढंच सांगितलं आणि व्हायोलिनचा गज उचलला. बाईंच्या चालींना पडल्या होत्या तेवढ्याच टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आत्यांची खुर्ची नव्हती. मी तिथे बघायचं टाळत होते तरी दोनदा नजर गेली आणि एका ठिकाणी माझा सूर किंचित उतरला. कुणाच्या लक्षात आलं नसेल. सरांच्या आलं.

चित्रीकरण आम्ही आत्यांच्या नातसुनेच्या मोबाइलवर पाठवलं. ती मला फोनवर म्हणाली, "आजी बघत न्हाईत, मोबाइल कानाला लावून ऐकतात, फोन आल्यासारखा. आन् आळीत सांगितलंय, दौंडवाल्यांनी माझं परत वाजवलं." ती हसत होती. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ व्हरांड्यात बसून राहिले. सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर त्यांना सांगितलं नाही. बाईंच्या चाली वाजल्याचा त्यांचा आनंद अजून ताजा होता. त्यात हे मिसळावं असं वाटलं नाही.

मी काम थांबवलेलं नाही. पुण्यात जाऊन आलो, अहिल्यानगरच्या एका चर्चच्या मंडळींनीही बाईंच्या चाली मागून घेतल्या. मी जाते, बोलते, वाजवा म्हणून आग्रह धरते. पूर्वीसारखं जोरात बोलणं जमत नाही. समोरचे विचारतात, "मग यासाठी काढायचं काय?" तेव्हा मी आधी विचारते, जे काढताय ते कुणाचं आहे, कुठून आलं. लोकांना ते लांबण लावणं वाटतं. एकदोन ठिकाणी त्यामुळे बाईंच्या दोनच चाली झाल्या.

सरांशी माझं बोलणं तुटलेलं नाही. शनिवारी मी जाते, ते माझा गजाचा हात अजूनही दुरुस्त करतात, काकू चहा देतात. फक्त एक फरक पडलाय. पूर्वी नवं काही लिहायला घेतलं की सर पहिल्या चार ओळी मला वाजवायला द्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आता त्यांच्या टेबलावर पेन्सिलनं लिहिलेले कागद असतात. मी आले की ते हळूच उलटे करून ठेवतात, आणि काल काय वाजवलंस ते दाखव, म्हणतात. मी कागदांबद्दल विचारत नाही. व्हायोलिन काढते, गजाला राळ लावते, आणि वाजवायला लागते.